पडद्यावर बघा, बोलत राहा

नाशिकच्या तळावर माझी बदली झाली ती नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात. हुद्दा हवालदार. काम, हेलिकॉप्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची देखभाल. माझं गाव नांदगाव तालुक्यातलं, त्यामुळे घरचे खूश झाले. नाशिक रोडला भाड्याने घर घेतलं. सकाळी पीटी, मग हजेरीचं फॉल-इन, मग हेलिकॉप्टरं ठेवायचा हँगर. संध्याकाळी घरी येऊन चहा. जम्मूपासून आसामपर्यंत फिरून आलेल्या माणसाला हे आयुष्य म्हणजे निवृत्तीची रंगीत तालीमच वाटायची.

लोकांना वाटतं, हेलिकॉप्टरवर काम करणाऱ्याला उडायची भीती नसते. मला होती. कुठली तार कुठे जाते आणि ती तुटली तर काय होतं, हे ज्याला माहीत असतं त्याला वर जाण्यात मजा येत नाही. पण उपकरण बसवलं की एअर टेस्ट होते आणि बसवणाऱ्यालाही बरोबर जावं लागतं. प्रत्येक टेस्टच्या सकाळी मी नाश्ता टाळायचो. 

त्या वर्षी आमच्या जुन्या, लहान हेलिकॉप्टरांमध्ये नवे पडदे बसवायला घेतले होते. आधी पायलट मांडीवर कागदी नकाशा ठेवून उडत. आता दोन सीटच्या मधोमध शाळेच्या पाटीएवढा पडदा आला. त्यावर नकाशा, आणि मध्यभागी आपल्या हेलिकॉप्टरची पांढरी खूण. आपण पुढे गेलो की खूण जागेवर राहते आणि नकाशा तिच्याखालून सरकतो. पडद्याच्या वरच्या भागात निळं आभाळ, तपकिरी जमीन आणि मध्ये क्षितिजाची रेघ. एक बटण दाबलं की जमीन रंगीत होते. आपल्यापेक्षा बरीच खाली असलेली जमीन काळी, जवळजवळ आपल्या उंचीची पिवळी, आपल्यापेक्षा उंच असेल ती लाल. कडेला एक नॉब. तो फिरवला की नकाशा जवळचा किंवा लांबचा होतो. या उपकरणाचा कोर्स मी केला होता.

टेस्ट घेणारे अधिकारी होते मेजर रोहित खानविलकर. मूळचे चिपळूणकडचे. माझ्यापेक्षा वयाने लहान, म्हणून मला नेहमी ‘तुम्ही’ म्हणत. इंजिन सुरू करण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचे.

"आहेर, चेहरा असा का? मी अजून काहीच केलेलं नाही."

एवढं बोलून ते हसायचे आणि मग कामाला लागायचे. काम सुरू झालं की जास्तीचा एक शब्द नाही.

तो सप्टेंबरचा दिवस. सकाळी ढग खाली होते, जेवणाच्या सुमारास वर गेले. हवामान विभागाने परवानगी दिली. मार्ग साधा होता. तळावरून विंचूरच्या बाजूला, तिथून उत्तरेला चांदवडच्या डोंगरांच्या तोंडापर्यंत, पडद्यावर डोंगर बरोबर दिसतात का ते बघायचं आणि परत. मी पायलट नाही, म्हणून नियमाप्रमाणे डाव्या सीटसमोरचा कंट्रोलचा दांडा काढून ठेवला होता. म्हणजे माझ्यासमोर पकडायला काही नव्हतं. फक्त पडदा.

उडालो. खाली द्राक्षांच्या बागा, कांद्याच्या चाळी, ओली काळी शेतं. मी एकेक पान उघडत होतो आणि मेजर साहेब बाहेर बघून ताडून पाहत होते.

"हा रस्ता?"

"जुळतोय, सर."

"तुमचं गाव दाखवा."

मी नॉब फिरवून नकाशा लांबचा केला, उजवीकडे बोट ठेवलं.

"पुढच्या टेस्टला तिकडून जाऊ. गावी घरच्यांना सांगा, पत्र्यावर दगड ठेवा, उडतील."

मला हसू आलं. वर गेल्यावर मी हसलो असं क्वचित झालं असेल.

डोंगर जवळ आले. त्यांचे माथे ढगात होते. मी जमिनीचे रंग लावले. नकाशाच्या वरच्या कडेने आधी पिवळं उतरलं, मग लाल.

"सर, लाल दिसायला लागलं."

"बाहेर पण तेच आहे. छान. वळतो आता."

तेवढ्यात समोरून घार आली. मी तिला पाहिलं ते एका क्षणापुरतं. आभाळ मळकट होतं, म्हणून मेजर साहेबांनी हेल्मेटची काळी काच वर केली होती. मोठा आवाज झाला, उजव्या बाजूची पुढची काच फुटली आणि वारा आत घुसला. पिसं, काचेचे तुकडे, रक्त. हेलिकॉप्टरचं नाक वर गेलं. खालची शेतं दिसेनाशी झाली. मग सगळं पांढरं झालं.

आम्ही ढगात शिरलो होतो.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मग हेडफोनमध्ये मेजर साहेबांचा आवाज आला.

"आहेर. मला दिसत नाहीये."

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांच्या जागी नुसतं रक्त होतं. ते वाऱ्याने मागे, कानाकडे ओढलं जात होतं. दोन्ही हात कंट्रोलवर होते.

"तुम्हाला बाहेर काही दिसतं?"

"नाही सर. पांढरं."

"पडदा चालू आहे?"

"आहे, सर."

"मग बाहेर बघू नका. पडद्यावर बघा, बोलत राहा. क्षितिजाची रेघ कशी आहे?"

"तिरकी. उजवी बाजू वर. आपण उजवीकडे झुकलोय."

पण माझं अंग मला सांगत होतं की आपण डावीकडे पडतोय. पोट सांगत होतं, कान सांगत होते. पडदा खोटं दाखवत असेल तर मी एका आंधळ्या माणसाला उलटं पाडत होतो. असली भीती मी सीमेवर गोळीबारातही अनुभवली नव्हती. तिथे निदान आडोसा असतो.

"सर, मला डावीकडे वाटतंय, पण..."

"पोटाचं ऐकू नका. पडदा काय म्हणतो?"

"उजवीकडे."

"थांब म्हणा, सरळ झाल्यावर."

रेघ हळूहळू आडवी झाली. "थांबा." ती पुढे जाऊन दुसऱ्या बाजूला तिरकी झाली. "जास्त झालं. उजवीकडे. थोडं. थांबा." असं आम्ही ते हेलिकॉप्टर सरळ ठेवत होतो. ते हात, मी डोळे. एक क्षण गप्प बसलो तरी रेघ घसरायची.

"समोर काय?"

मी खाली नकाशाकडे बघितलं. खुणेच्या पुढे सगळं लाल होतं.

"लाल, सर."

"डावीकडे?"

"लाल."

"उजवीकडे?"

"पिवळं. त्याच्या मागे काळं."

"उजवीकडे वळतो. दक्षिणेला तोंड आलं की सांगा. रेघ सोडू नका."

मी नकाशा जवळचा करायला नॉब धरला. हात इतका कापत होता की नॉब दोन खाचा जास्त फिरला आणि अख्खा नकाशा लाल झाला. मला वाटलं, संपलं. आपण डोंगरातच आहोत. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नॉब एक खाच मागे आणला. लालच्या कडेला बारीक पिवळी पट्टी दिसली. ती पट्टी आमच्या पांढऱ्या खुणेसमोर फार सावकाश येत होती. कधीही बाहेरच्या पांढऱ्यातून काळा कडा निघेल असं वाटत होतं. मी बाहेर बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

"झुकाव?"

"बरोबर आहे. नाक थोडं खाली. आता ठीक. पूर्व... आग्नेय..."

खुणेच्या डाव्या अंगाला लाल चिकटून चाललं होतं. मी देवाचं नाव घेत नव्हतो. घ्यायला सवडच नव्हती.

"दक्षिण, सर. समोर पिवळं, त्याच्या मागे काळं."

"सरळ ठेवा मला."

पिवळं संपलं आणि खूण काळ्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. मेजर साहेबांनी ऐकलं असणारच. 

"रेडिओवर सांगा. पॅनेलवरचं बटण."

रेडिओवर मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बटण दाबलं आणि संकटाची हाक दिली, मेडे. तळाच्या टॉवरने विचारलं, "पायलटची स्थिती?"

"जखमी. डोळ्यांना दिसत नाही."

"मग हेलिकॉप्टर कोण उडवतंय?"

"पायलटच."

 मग, "तुमची जागा सांगा." मी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले. टॉवरने ते परत वाचले. "मदत पाठवतोय. सपाट जमीन बघून उतरा."

सपाट जमीन तिथे होती. चांदवडचे डोंगर मागे टाकले की विंचूरपर्यंत सगळं सपाटच. मला तो भाग लहानपणापासून पायाखालचा. पण वरून, ढगातून, तो पडद्यावरचा नुसता काळा रंग होता. त्यात विजेचे खांब दिसत नव्हते, घरं दिसत नव्हती.

"उतरवतो," मेजर साहेब म्हणाले. आता त्यांचे शब्द कमी आणि शब्दांमधलं अंतर जास्त झालं होतं. मी "डावीकडे" म्हटलं की हात हलायला उशीर लागत होता.

"सर, ठीक आहात ना?"

"बोलत राहा."

मी पडद्यावरची उंची वाचत बोलत राहिलो. जमीन आठशे फूट खाली, झुकाव नाही. सातशे. नाक जरा वर. पाचशेच्या खाली गेलो तरी ढग सुटेना. मग एकदम हिरवं दिसलं, आणि वीज वाहून नेणारा मोठा मनोरा दिसला, बराच उजवीकडे.

"बाहेर आलो, सर! जमीन दिसतेय!"

"मोकळी जागा?"

समोर द्राक्षबाग. सगळ्या तारा आणि लोखंडी अँगल. डावीकडे कांद्याची लागण, त्यात बायका काम करत होत्या. त्यांच्या पलीकडे एक पडीक रान.

"थोडं डावीकडे. अजून. माणसं गेली खालून. आता सरळ. वेग कमी करा."

शेवटचे फूट मी मोठ्याने मोजत होतो. वीस. दहा. पाच. आम्ही आपटलो. खाली चाकांच्या जागी असलेली डावी स्कीड ओल्या मातीत रुतली, हेलिकॉप्टर माझ्या बाजूला कलंडलं आणि वरची पाती जमिनीवर आपटून तुटली. माझा खांदा आणि बरगड्या गेल्या. इंजिन मात्र ओरडतच होतं आणि इंधनाचा वास येत होता.

"आहेर. इंजिन बंद करा."

दोघांच्या मधला लिव्हर मी मागे ओढला. आवाज उतरत गेला. मी म्हणालो, "सर, उतरलो." उत्तर आलं नाही.

कांद्याच्या शेतातली माणसं धावत आली. एक पन्नाशीचा शेतकरी सर्वांत पुढे.

"ओ साहेब, हालू नका तुम्ही. आम्ही काढतो."

"आधी त्यांना काढा," मी म्हणालो.

त्यांनी पट्टे कापून मेजर साहेबांना बाहेर घेतलं आणि बांधावर निजवलं. शेतकऱ्याची बायको वाकून बघत होती.

"अवं, डोळ्याचं नाय हे. मानंतून येतंय. लय रक्त हाय." तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि मानेवर दाबून धरला. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. "श्वास हाय अजून. दादा, तुम्ही बोला त्यांच्याशी. वळखीचा आवाज असू द्या."

मलाही काढून शेजारी निजवलं होतं, तिथूनच बोललो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून पडद्यावरचं आठवून तेच बोलत राहिलो. सरळ आहोत, सर. झुकाव नाही. समोर मोकळं आहे.

मदतीचं हेलिकॉप्टर येण्याआधी ते गेले. ती बाई डॉक्टरने हात बाजूला करेपर्यंत रुमाल दाबूनच होती.

काचेचा एक तुकडा मानेत घुसला होता. पहिल्या क्षणापासून रक्त जात होतं. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की माणसाचा हात अशा वेळी आपोआप मानेकडे जातो. मेजर साहेबांचा गेला नाही. हेलिकॉप्टर उडवायला दोन्ही हात लागतात. एक हात काढला असता तर त्या लाल रंगातून आम्ही बाहेर पडलोच नसतो, आणि मी हे सांगायला उरलो नसतो.

मी पुन्हा उडालो नाही. निवृत्तीपर्यंत हँगरमध्ये काम केलं. लिफ्टमध्ये पांढरा दिवा असला तर अजूनही मी भिंतीला हात लावून उभा राहतो. नातेवाईक म्हणतात, तुम्ही दोघं शूर. शूर मेजर रोहित खानविलकर होते. मी भ्यालेला होतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी माझ्याच शब्दावर हेलिकॉप्टर वळवलं.

लष्करी हॉस्पिटलात मी प्लॅस्टरमध्ये असताना त्यांच्या पत्नी आल्या. अंत्यसंस्कार होऊन काही दिवस झाले होते. मी उठायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि स्टुलावर बसल्या. 

"शेवटचं काय बोलला तो? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही बनवू नका."

"म्हणाले, आहेर, इंजिन बंद करा."

 मग त्यांच्या ओठांवर काहीतरी हललं.

"घरातून निघताना पण तेच. गाडीत बसल्यावर परत उतरायचा. गॅस बंद केला का, बघून येतो म्हणायचा." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुम्ही केलंत ना बंद?"

"हो, मॅडम. लगेच."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.