देवळासमोरच्या गाईची शिंगं

मंडळी, सकाळी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीये.

आमच्या ठाकूरद्वारला देवळाबाहेर मंगलबाई गाय घेऊन बसतात. येणारा-जाणारा गाईला चारा घालतो, कपाळाला हात लावून पाया पडतो. ऑफिसला जाताना मीही रोज तेच करते.

आज हात पुढे केला तर शिंगंच नाहीत. नुसते दोन खुंट, त्यात दाबून भरलेली हळद, कानापर्यंत वाळलेलं रक्त आणि वर माश्या.

"मंगलबाई, हे काय झालं?"

"काय करू ताई? एका सायबांच्या गाडीला शिंग घासलं. म्हणाले, शिंगं काढ नायतर इथनं ऊठ. काल एकाला बोलावलं, लोखंड कापायच्या करवतीनं कापली त्यानं. लय ओरडली."

"भूल न देता?"

त्या पदराने खुंटांवरच्या माश्या हाकलू लागल्या.

तेवढ्यात आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. मंगलबाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, गाडी त्यांचीच. "आता कशी शांत झालीय बघा," असं मला म्हणत त्यांनी चारा घातला आणि नेहमीसारखा तिच्या कपाळाकडे हात नेला. गाय दचकून मान फिरवून मागे सरली.

मग गृहस्थ वळसा घालून मागे गेले, तिची शेपटी धरली आणि भक्तिभावाने डोळ्यांना लावली.

मला अक्षरशः शिसारी आली.

तुमच्या देवळासमोरही गाय असेलच. उद्या हात जोडण्याआधी तिच्या डोक्याकडे एकदा बघाल का?