आईच्या केसांचं गंगावन

आटपाडीच्या गंगावनवाल्या आक्का बाईमाणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, आधी वेणी. विंचरताना गळलेले केस गल्लीतल्या बायका डब्यात साठवत. तो गुंता आक्का बोटांनी सोडवायच्या, मुळं एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला लावायच्या, मग वेणीत गुंफायचं गंगावन वळायच्या. केसांवर भांडी देणारा फेरीवाला आला की ओटीवरूनच ओरडत, "फुडं जा गड्या. हितलं क्यास हितंच ऱ्हात्यात."

माझ्या आईनेही माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनीताच्या लग्नासाठी असा डबा भरत आणला होता. सोयरीक जमली आणि आई सांगलीच्या दवाखान्यात वारली. लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं. सुनीता डबा घेऊन आक्कांकडे गेली. मी सोबत होतो. मागोमाग आत्या आली.

"आवं आक्का, मेल्या माणसाचं क्यास नवरीच्या डोक्यात? नदीला सोडा त्यो डबा."

आक्कांची बोटं थांबली नाहीत. "तुमची वैनी रोज दारात बसून इंचरायची, तवा गळल्यात ह्ये. मेल्यावर कोण इंचरतंय व्हय?"

आत्या उठली नाही.

डब्यात वर एक कागदाची पुडी होती. दवाखान्यात आईच्या उशीवर पडलेले केस सुनीताने वेचून ठेवले होते. आक्कांनी पुडी उघडून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"ह्ये दुखण्यातलं. ह्ये न्हाई घालायचं."

"तेच शेवटचं हाईत, आक्का."

"म्हणूनच. आईचं दुखणं डोक्यावर घिऊन नांदाय जाणार हाईस?"

सुनीता बराच वेळ रडली. मग तिने स्वतःच पुडी आत्याच्या हातात दिली. आत्याने ती नदीला सोडली. लग्नात सुनीताने गंगावन घातलं; ते कुणाच्या केसांचं, हे आत्याने पाहुण्यांना सांगितलं नाही.

फलटणला नांदायला गेल्यावर सुनीताने ते कपाटात जपून ठेवलं. माहेरपणाला आली तेव्हा आक्कांना हे कळलं आणि त्या चिडल्या. "पूजा करतीस व्हय त्येची? घालाय केलंय त्ये. ठिवून दिलंस तर कसर खाईल." तेव्हापासून प्रत्येक सणाला सुनीता ते घालते.

पुढे आक्का वारल्या. हे काम त्यांच्या सुनांनी घेतलं नाही.

यंदा दिवाळीत मी फलटणला गेलो होतो. सुनीता पाठमोरी बसून करंज्या लाटत होती. तिचे केस आता पिकले आहेत. वेणीत काळे दिसत होते, ते आईचे.