हौसाने मोजलेला श्वास

कामतघरच्या काळूराम तरेच्या घोरण्याचं त्याच्या घरात कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या शेडची भिंत एकच. पलीकडे कापड विणणारे बारा लूम दिवसरात्र खडखडत असायचे आणि त्या खडखडाटावर मात करून काळूरामचं घोरणं बाहेर ओट्यापर्यंत ऐकू यायचं. पाहुणे हसायचे. त्याची बायको हौसा मात्र तोऱ्यात म्हणायची, "कष्टाचा मानूस हाय. पाठ टेकली का झोप लागते." बारा लूमना हरवणारा नवरा तिला मिरवण्याजोगा वाटायचा. आता या भाबडेपणाला काय म्हणावं?

तशी हौसा भाबडी मुळीच नव्हती. ती धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून एकेक विधीला धवला गायचा मान असलेली बाई. तिच्या सासूने तिला धवले शिकवले, ते वहीत लिहून नव्हे, तर शेजारी बसवून, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे मुळीच घ्यायचा नाही हे दाखवून. माइक न घेता ती दोन दोन तास गायची. मागच्या बायकांपैकी कोणाचा दम कुठे तुटला, हे तिला पाठमोरं बसून कळायचं.

काळूराम छप्पन वर्षांचा, रुंद खांद्यांचा, जाड मानेचा गडी. घरची जमीन बायपासला आणि काल्हेरच्या गोदामांना गेली, तेव्हा भावांनी बंगले बांधले. याने शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घेतली. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण अकरा पोरं सकाळी "काळूमामा" म्हणत गाडीत चढली की त्याचा ऊर भरून यायचा. त्यातली एक त्याचीच नात, पूर्वी.

गेली दोन वर्षं मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. रात्रभर झोपूनही तो सकाळी जड डोकं घेऊन उठायचा. घशाला कोरड पडलेली असायची. लघवीला रात्री तीन-चारदा उठणं चालूच. पेपर उघडून बसला की दुसऱ्या पानावर मान खाली. पोरांवर कधी न ओरडलेला माणूस हॉर्नच्या आवाजावर खेकसायला लागला. बीपीची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, तरी बीपी उतरेना. प्रत्येक गोष्टीला घरात कारण तयार होतं: वय झालं, उकाडा वाढला, दुपारी भात जास्त खाल्ला. एवढी कारणं हाताशी असल्यावर डॉक्टरला विचारतो कोण?

मग शेडच्या भाडेकरूने जुने लूम भंगारात काढले. नवे यायला महिना होता, तोवर शेड बंद. घरात इतकी शांतता झाली की पहिले दोन दिवस हौसाला चुकल्यासारखं वाटत राहिलं.

तिसऱ्या दुपारी काळूराम पोरांना घरी सोडून आला, जेवला आणि आडवा झाला. हौसा ओट्यावर सुकट निवडत बसली होती. महिन्याभराने काल्हेरला लग्न होतं, म्हणून तोंडाने धवला चालला होता. आत घोरणं, बाहेर गाणं. तिने एक ओळ उचलली आणि घोरणं थांबलं. ओळ पुरी झाली. ही लांब ओळ, एका दमात गाताना नव्या बायकांचे डोळे पांढरे होतात. आतून आवाज नाही. हौसाने सूप खाली ठेवलं. आणि मग काळूराम असा हुंदका देऊन श्वास ओढता झाला, जणू कोणी त्याला पाण्यातून वर काढलं. पुन्हा घोरणं सुरू झालं.

ती उठून दारात उभी राहिली. छाती हलत होती, तोंड उघडं होतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. छाती श्वासासाठी धडपडत होती, पण हवा आत जात नव्हती. हौसाने ओठ मिटून मनातल्या मनात ओळ गायली. या वेळी ओळ संपून दुसरी निम्मी झाली.  एवढी वर्षं ती जो आवाज मिरवत होती, त्याच्यामध्ये हे लपलेलं होतं, आणि लूमच्या खडखडाटात तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी तिने मुलाला, देवेशला सांगितलं. देवेश गोदामात कामाला. "आये, सगलेच घोरतात," तो म्हणाला. "आमचा सुपरवायझर तर ड्युटीवर घोरतो."

"घोरतात, त्याचा न्हाय मी बोलत. मधी थांबतात, त्याचा बोलतंय."

काळूरामने तर ऐकूनच घेतलं नाही. "मना कायच झायला न्हाय. डाक्टर काय सांगल? गाडी बंद करा. मंग पोरांना कोन नेल?" त्याची भीती ही होती, आणि ती खोटी नव्हती. त्या रात्रीपासून हौसाची झोप उडाली. ती अंथरुणात पडून नवऱ्याचा श्वास मोजायची. लांबला की कोपराने ढोसायची. तो कूस बदलायचा आणि थोडा वेळ बरा चालायचा.

बीपीच्या गोळ्यांसाठी काळूराम महिन्यातून एकदा डॉक्टर मृणालींकडे जायचा. या वेळी हौसा न विचारता रिक्षात त्याच्या शेजारी जाऊन बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि कपाळाला आठी घातली. हौसाने तीच संधी साधली आणि सगळं सांगून टाकलं.

"किती वेळ थांबतो श्वास?" डॉक्टरांनी विचारलं. "अंदाजे सांगा."

"त्या टायमाला घड्याल बगायचा सुधरत न्हाय, बाय. गाऊन दावू?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. हौसाने पदर सावरला आणि ती लांब ओळ गायली, जशी मांडवात गाते तशी. बाहेर बसलेले पेशंट बोलायचे थांबले. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"बावीस सेकंद," त्या म्हणाल्या. "दहा सेकंद थांबला तरी आम्ही तो आजारात धरतो. असं किती वेळा?"

"मी मोजायचा सोरून दिला."

मग डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, अंगातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करून श्वास घ्यायला लावतो. रात्रभर हेच. म्हणून आठ तास झोपूनही तो थकलेला. "घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो," त्या म्हणाल्या. "पण श्वास थांबणं, गुदमरून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग आणि गोळ्यांना दाद न देणारं बीपी, हे सगळं एकत्र आलं की थांबायचं नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तपासणी करून खात्री करू. काळूरामदादा, गाडी चालवताना डोळा लागतो का?"

"न्हाय," काळूराम म्हणाला.

  काळूराम आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"दोनदा," तो म्हणाला. "येकदा सिग्नलला. येकदा अंजूरफाट्याच्या म्होरं, चालू गाडीत. पोरी मागं गानी बोलत व्हत्या, त्यांच्या आवाजानं जाग आली. कोनाला सांगतला न्हाय."

हौसाला त्याचा भयंकर राग आला. मागच्या सीटवर आपली नात पूर्वी बसते. दुसऱ्यांची दहा पोरं बसतात. पण त्याचे डोळे भरलेले पाहून तिला कळलं, की हा माणूस ही गोष्ट एकट्याने पोटात घेऊन रोज सकाळी गाडीची चावी उचलत होता. तिला राग आणि कीव एकदमच आली.

"उपचार नीट सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एक दिवससुद्धा नाही."

 घरी येताना रिक्षातच हौसाने मनाशी ठरवलं, याने पोरांच्या आईबापांना नाही सांगितलं तर मी दारोदार जाऊन सांगेन, मग तो जन्मभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. पण काळूराम ओट्यावर बसला आणि स्वतःच एकेका पोराच्या घरी फोन लावत गेला. "मना चालवताना झोप लागते," एवढंच तो सांगायचा. एका बापाने त्याला खूप शिव्या घातल्या. त्याने मध्ये न बोलता त्या ऐकून घेतल्या आणि पुढचा नंबर लावला.

ठाण्याच्या हॉस्पिटलात एक रात्र अंगाला वायरी लावून तपासणी झाली. तासाला चौतीस वेळा श्वास अडत होता. मग हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र घरी आलं, त्याला मास्क. पहिले आठ दिवस काळूराम मध्यरात्री मास्क काढून फेकायचा. डॉक्टरांनी तो बदलून दुसऱ्या मापाचा दिला, रविवारचा दारूचा ग्लास बंद करायला लावला, वजन उतरवायला सांगितलं. एके सकाळी तो उठला आणि डोकं दुखत नाही म्हणून गोंधळल्यासारखा बसून राहिला. हौसा मात्र अजूनही रात्र रात्र त्याच्या छातीकडे बघत जागी पडलेली असायची.

काल्हेरच्या लग्नात बायकांनी हौसाला घेरलं. प्रत्येकीचा नवरा घोरत होता. "घोरतो म्हनून घाबरू नका," हौसाने सांगितलं. "थांबतो का, ते ऐका. थांबत असला तर न्या त्याला. मिरवू नका माझ्यासारख्या."

यंत्र आल्यावर दीड महिन्याने डॉक्टरांनी यंत्रातली नोंद तपासली, दिवसा पेंग येत नाही ना याची खात्री केली, आणि मगच गाडीला परवानगी दिली. अकरातली आठ पोरं परत आली. दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या सुचेताबाई आपल्या मुलीचा हात धरून व्हॅनपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी काळूरामला नाही, हौसाला विचारलं, "खरंच बरं आहे ना आता? मी हिला बसवू?"

हौसाला खात्रीची भाषा येत नव्हती. "मी बसतंय म्होरं," ती म्हणाली. "त्यांच्यावर डोला ठेवून."

आणि ती पुढच्या सीटवर चढून बसली. नवऱ्याच्या पापण्यांकडे बघत राहायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. गाडी सुरू झाली, मागे पोरांचा कालवा सुरू झाला. त्यापुढचं तिला काही आठवत नाही. शाळेच्या फाटकाशी काळूरामने खांद्याला हात लावला, तेव्हा ती दचकून जागी झाली. सगळी पोरं उतरून गेली होती. ती इतकी शरमली की घरी येताच तडक कामाला लागली.

संध्याकाळी पूर्वीने तिला सांगितलं, "आजी, तू गाडीत घोरत व्हतीस. आम्ही हसायला लागलो, तर आजा रागावला. बोल्ला, गप बसा, तिला झोपू द्या. दोन महिनं माझ्यापायी जागी हाय ती."

आपलं जागणं त्याला ठाऊक नाही, तो मास्क लावून गाढ झोपलेला असतो, असंच हौसा इतके दिवस समजत होती.