सौंसरची डिस्क गप्प का बसायची

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. चूक सापडेपर्यंत माणसं जे जे करतात, त्याचेच किस्से होतात. चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते, किस्से मात्र वर्षानुवर्षं चहाबरोबर चालतात.

आम्ही तिघं. पांढुर्ण्यात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत ऑफिस. धोटे सर मालक, वैशाली मेश्राम प्रोग्राम लिहिते आणि मी तिचं काम तपासतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेतो! संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाची नोंद ठेवणारा एक बॉक्स आम्ही बनवतो. त्यातल्या डिस्कला कामाला लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वैशालीचा. डिस्कला सांगायचं, "हे लिही." लिहून झालं की डिस्क टिचकी मारते, "झालं!" त्या टिचकीला म्हणतात इंटरप्ट. टिचकी ऐकली की पुढचं काम.

*

सौंसर गावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या बॉक्समध्ये आम्ही जुनी डिस्क काढून नवी, वेगवान बसवली. तेव्हापासून तो मधूनच अडायला लागला. दहा मिनिटांनी आपोआप चालू व्हायचा, पण तेवढी नोंद कोरी. तिथल्या शेठनी ठरवून टाकलं की ऑपरेटर श्रावणकाकाच मशीन बंद करतात. पंधरा दिवसांत दुसरं कारण दाखवा, नाहीतर काकांना काढतो. काका तिथं बावीस वर्षं!

मी काकांना फोन केला. "म्या हात नाही लावला जी. त्या बॉक्साजवळून जातो तवा हात मांगं बांधून जातो!"

खरं सांगतो, मला तेव्हा शेठचंच बरोबर वाटलं होतं. आमच्या प्रोग्रामपेक्षा माणूस चुकला असणं मला सोयीचं होतं.

*

पण तशीच डिस्क ऑफिसातल्या बॉक्समध्ये टाकली, तर तोही अडला. आता तिथं तर काका नव्हते! वैशालीनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. टिचकी आली की आधी स्क्रीनवर 'आली' असं छापायचं आणि मग पुढचं काम. काय अडतंय ते दिसावं, एवढाच हेतू. बॉक्स दोन दिवस बिनबोभाट चालला. ओळ काढली, चहा येईपर्यंत अडला. परत घातली, चालला!

सर खूश. "मग राहू दे ना ते ओळ! कोणाचं काय घेऊन राहिली?"

"सर, कारणच नाही समजलं, तर काकाचं नाव कसं साफ होईन?" वैशाली म्हणाली.

सर हिशेबाच्या वहीकडे वळले. मीही फाइल उघडून बसलो.

*

शनिवारी सर जामसांवलीला हनुमानाला नारळ फोडून आले. दुपारी प्रसाद वाटता वाटता म्हणाले, "पाहा! सकाळपासून सौंसरहून एक फोन नाही. बॉक्स एकडाव बी नाही अडला!"

वैशाली हळूच म्हणाली, "सर, तो बॉक्स माह्या टेबलाखाली हाये. काल सांजीले खोलून आणला तपासाले. सांगाचं राहून गेलं."

सरांनी प्रसाद मात्र परत घेतला नाही.

*

वैशाली सौंसरची. ती सकाळी लवकर निघते, तिचा डबा आई मागाहून बसच्या कंडक्टरजवळ देते. बस पांढुर्ण्याला लागली की कंडक्टर मिसकॉल देतो, ही खाली जाऊन डबा घेते. ऑफिसात मोबाइल बंद ठेवायचा, हा सरांचा नियम. म्हणून ती ऑफिसच्या फोनवरून आईला सांगते, "दे आता," हातातलं काम संपवते आणि मग आपला मोबाइल चालू करते. बस रमतगमत येणारी, कधी काही बिघडलं नाही.

त्या दिवशी आईनं डबा कुठंच न थांबणाऱ्या नव्या गाडीत दिला. ही आपली नेहमीसारखं काम संपवून, मोबाइल चालू करून बसली वाट पाहत. शेवटी आईकडून नंबर घेऊन तिनंच कंडक्टरला फोन लावला.

"ताई, म्या लावला होता, तुमचा फोन बंद येऊन राहिला होता. डबा आता मुलताईले चालला!"

वैशाली फोन ठेवून खुर्चीतून उठली. मग उपाशीपोटी हसत सुटली. "डिस्क नवी हाये! आपण पयले काम सांगतो, मंग टिचकी ऐकाची तयारी करतो. जुनी डिस्क हळू होती म्हणून चाललं. हे नवी तयारीच्या आधीच टिचकी मारून मोकळी होते! आन ते छापाच्या भानगडीत टिचकीले उशीर व्हायचा, तेवढ्यात आपली तयारी होऊन जाय."

टिचकी ऐकायच्या तयारीची ओळ खाली होती, ती वर नेली. झालं!

*

मुदत संपायच्या दिवशी आम्ही सौंसरला गेलो. बॉक्स परत बसवल्यापासून नोंदीत एकही कोरी जागा नव्हती. शेठ खुर्चीत, काका दाराशी उभे. मला वाटलं वैशाली दोष डिस्कवर ढकलेल. ती म्हणाली, "चूक माही होती जी. काकानं काहीच नाही केलं." मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज.

शेठनी नोंदीचा कागद बाजूला सारला. मग वळून म्हणाले, "श्रावण, बावीस वर्षं झाले तुले इथं. मले एकडाव तरी सांगाचं होतं ना, का म्या नाही केलं म्हणून."

काका म्हणाले, "पयल्याच दिवशी सांगतलं जी. तवा तुमी ऐकाले बसले नव्हते."