मागचा डावा!

घोड्याची लीद आणि घोडेवाल्यांचे किस्से, दोन्ही रोजच्या रोज उचलले नाहीत तर ढीग होतो बघा. लीद आम्ही नेमाने उचलतो. किस्से मात्र राहून गेले, आणि आता इतके साचलेत की घरी कोणी चहाला आलं की मी सुरू होते आणि माझी मुलगी मुक्ता उठून आत जाते.

तर काटोल रोडच्या पुढे आमचा एक रायडिंग क्लब आहे. क्लब म्हणजे काय, पत्र्याचं शेड, मोजके घोडे, एक मैदान आणि कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. शिकवायला इंगोले सर. फौजेतून रिटायर झालेले, मूळचे अकोल्याकडचे, आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूससुद्धा ताठ उभा राहील. ते आम्हाला ड्रेसाज शिकवायचे. ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत समजा. गोल फिरायचं, तिरपं चालायचं, ठरल्या जागी थांबायचं, आणि स्वाराने काही केलेलं दिसता कामा नये. सर म्हणायचे, "बघनाऱ्याले वाटलं पाहिजे का घोडा आपल्याच मर्जीनं करून राहिला!"

मी तिथे गेले ती मुक्तामुळे. तिला उन्हाळी कॅम्पला घातलं होतं. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इतवारीतली बँक ते घर आणि घर ते बँक, एवढीच मी उरले होते. मुक्ता आठवडाभरात कंटाळली. तिची तिथे राहिलेली पाण्याची बाटली आणायला म्हणून गेले, तर कुंपणाशी एक करडा घोडा आला. त्याने माझी पर्स हुंगली, ओढणी हुंगली, चप्पल हुंगली. अगदी नाक्यावरच्या झडतीसारखी! आणि मग माझ्या खांद्यावर मान टाकून उभा राहिला. नावच दरोगा, म्हणजे फौजदार.

सर लांबून ओरडले, "बाई, तपासनी झाली तुमची! उद्यापासून या."

मुलगी घरी बसली आणि आई घोड्यावर! त्या एका मान टाकण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. असो. चहा घ्या.

*

आमच्याकडे एक रिवाज होता, हजेरीचा. हजेरी घोड्याची नाही हं, आपली! सकाळी घोड्याच्या तोंडावर चढवायची दोरीची म्होरकी हातात धरून, घोडे मोकळे सोडलेल्या पॅडॉकच्या फाटकाशी उभं राहायचं. घोडा आपण होऊन आला, त्याने म्होरकीत नाक घातलं, तर स्वारी. नाही आला तर त्याच्या मागे धावायचं नाही. गुपचूप झाडू घ्यायचा आणि शेड झाडायचं. खिशात गूळ आणायला सक्त मनाई.

गांधीबागेत कापडाचं होलसेल दुकान असलेले आमचे दिनेशभाऊ. त्यांच्यासाठी दरोगा यायचाच नाही. भाऊ रोज झाडू! शेड इतकं चकाचक की घोड्यांना पाय ठेवायला संकोच वाटावा.

एका सकाळी भाऊ फाटकाशी उभे राहिले आणि दरोगा चक्क दुडक्या चालीने आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंनी छाती फुगवली. पण दरोगाने म्होरकीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याने भाऊंची कॉलर तोंडात धरली आणि चघळायला लागला. भाऊ ओरडतायत, घोडा सोडत नाही! सर धावत आले, भाऊंच्या मानेजवळ नाक नेऊन हुंगलं.

"काहून दिनेशभाऊ, गूळ चोळून आले का अंगाले?"

"खिशात आणायची मनाई होती ना सर! कॉलरची कुठं होती?"

कॉलर अर्धी गेली. भाऊंनी फाटका तुकडा उजेडात धरून पाहिला आणि अभिमानाने म्हणाले, "पन कापड पाहा. शिलाई उसवली, कापड नाही उसवलं!"

*

मुक्ता आता लॉ करते. त्यामुळे आमच्या घरी वरणभातापेक्षा उलटतपासणी जास्त वाढली जाते. एक दिवस तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. परदेशातल्या कुठल्याशा स्पर्धेचा व्हिडिओ. घोड्याची मान ओढून ओढून पार छातीला लावलेली, तोंडाचा पट्टा करकचून आवळलेला, जीभ निळी पडलेली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"हे तुमचं ड्रेसाज ना?"

"अगं, आमचे सर असलं काही करत नाहीत. आमच्याकडे हजेरी असते. घोड्याला आवडतं म्हणून तो येतो!"

"तो खरारा करून घ्यायला येतो, आई. कवायत त्याला आवडते, याला पुरावा काय? पाठीवर कोणी नाही, लगाम नाही, गूळ नाही, कोणी बोलावलं नाही. अशी एकदा तरी करून दाखवू दे. मग मी मानते."

"करेल!"

"आणि नाही केली तर?"

मला रागात भान राहत नाही. "नाही केली तर मी घोडा सोडते!" म्हणून बसले.

"चालेल. दरोगा रिटायर होईपर्यंत मुदत," मुक्ता म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मी मात्र बसूनच राहिले. दरोगा म्हातारा झालेला, हिवाळा संपला की त्याला खोगिरातून मोकळा करायचं सरांनी ठरवलंच होतं. आणि मला तर त्या मैदानाशिवाय सकाळ कशी काढायची हेच माहीत नव्हतं.

*

भुसारी गुरुजी आमच्या बॅचमधले सगळ्यात वयस्कर. रिटायर्ड हेडमास्तर. सवय अशी की रस्त्यावरची पाटीसुद्धा लाल पेनाने दुरुस्त करावीशी वाटते.

ड्रेसाजच्या मैदानाभोवती इंग्रजी अक्षरं असतात. आमच्याकडे ती तेलाच्या पिप्यांवर रंगवली होती. गंमत अशी की ती अक्षरं ओळीने नसतात. ए, मग के, मग ई, मग एच. असं का, हे जगात कोणालाच धड सांगता येत नाही. एका सोमवारी गुरुजी लवकर आले. कोणीच नव्हतं. झालं!

मी दरोगावर बसले. सर खुर्चीत, सी अक्षराच्या नेहमीच्या जागी. पण त्यांचं लक्ष मोबाईलवर. "के ला वळा!" म्हणाले. मी के शोधते, तर के भलतीकडेच! मी लगाम तिकडे वळवते, आणि दरोगा ऐकायलाच तयार नाही. तो आपला जुन्या के च्या जागी गेला आणि अगदी रुबाबात वळला. पुढचं अक्षर, तेच. त्याने सगळी कवायत बरोबर केली. चुकले ते मी आणि पिपे!

सरांनी मान वर केली. "हे कोनाचं काम?"

गुरुजी पुढे झाले. "मी नीट लावून ठेवलं सर. कोणीतरी फार गोंधळ घातला होता. आणि मधले डी आणि जी गहाळ आहेत. ते मी उद्या रंगवून आणतो."

सरांनी दरोगाच्या मानेवर थाप मारली. "याले वाचता येत नाही म्हनून आज वाचलो बाप्पा!"

घरी जाऊन मी मुक्ताला विजयी मुद्रेने सांगितलं. म्हटलं, बघ, स्वतःच्या मनाने केलं की नाही?

"पाठीवर तू होतीस. लगाम होता. पुरावा फेटाळण्यात येत आहे."

*

ड्रेसाजमध्ये घोडा थांबवायचा तर लगाम खेचत नाहीत. खोगिरात खोल बसायचं आणि हळूच श्वास सोडायचा. घोड्याला ते कळतं. या विद्येचा मला फार अभिमान.

एकदा बर्डीच्या सिग्नलला मी स्कूटरने मागून जाऊन एका ऑटोवर धडकले. ऑटोवाला तणतणत उतरला.

"काहून वो मॅडम, ब्रेक नाही का गाडीले?"

"आहे ना दादा! पण मी श्वास सोडला होता!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या घोडेस्वारीच्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि एकदम आवाज उतरवून म्हणाला, "घरी कोनी आहे का ताई? फोन लावून देऊ का?"

*

एकदा बाहेरून एक तरुण कोच आला होता. चकचकीत बूट, आल्या आल्या इंग्रजी सुरू. आमच्या घोड्यांची डोकी फार वर असतात म्हणाला. पट्टा आवळा, मान छातीला लावा, मग बघा कसा रुबाब येतो.

त्या दिवशी मुक्ता मला सोडायला आली होती. फाटकाशी उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, संपलं. आता सर काय म्हणतात यावर माझा निकाल.

सरांनी चहा मागवला. पाहुण्याच्या हातात गरम कप दिला.

"हनुवटी छातीले लावा साहेब."

तो हसला, पण लावली.

"आता प्या."

त्याने प्रयत्न केला हो बिचाऱ्याने! अर्धा चहा टायवर, अर्धा स्वारीच्या पांढऱ्या विजारीवर.

सर म्हणाले, "रुबाब आला पन! आता असंच मैदानाले चक्कर मारून या बरं, हसतमुखानं."

पाहुणा जेवायला थांबला नाही. आणि मुक्ता, जी क्लबात कधी पाऊल टाकत नव्हती, ती आत आली आणि सरांच्या पाया पडली. "तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही सर. घोड्याबद्दल आहे. त्याचं म्हणणं कोण विचारतं?"

"बरोबर हाय पोरी तुहं," सर म्हणाले. "मी तरी तेच विचारून राहिलो, जिंदगीभर. ज्या दिवशी तो सांगन, मलेही सांगजो."

*

आता मागच्या डाव्याचं सांगते.

कवायतीची सुरुवात अशी की ए मधून आत यायचं, सरळ मधोमध जायचं, थांबायचं आणि समोर सी पाशी बसलेल्या पंचाला सलामी द्यायची. थांबल्यावर घोड्याचे चारी पाय टेबलासारखे चौकोनात असले पाहिजेत. दरोगा बाकी सगळं फर्स्ट क्लास करायचा, पण थांबला की मागचा डावा पाय मागेच! बसस्टॉपवर कंटाळून उभा राहिलेल्या माणसासारखा. आणि मग खुर्चीतून सरांची गर्जना यायची, "मागचा डावाऽऽ!"

मग मी दरोगाला एक टाच हलकेच लावायची, मग तो पाय पुढे घ्यायचा. मी नाही लावली तर ढिम्म. इतकी वर्षं रोज हेच. आमच्या घरात तर ती म्हणच झाली. माझी चप्पल तिरपी राहिली की मुक्ता ओरडते, "मागचा डावा!" पोळी वाकडी लाटली, "मागचा डावा!" स्कूटर कलती लावली, "मागचा डावा!" एकदा बँकेत साहेबांची खुर्ची रांगेबाहेर दिसली आणि माझ्याच तोंडून निघून गेलं. साहेब दचकून उभेच राहिले!

*

आणि मग हिवाळ्याच्या तोंडावर सरांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आम्ही आळीपाळीने बसायचो. तो आवाज, त्याच्या जागी नुसतं "अं, अं." डोळ्यांतून पाणी. दिनेशभाऊ बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडायचे.

इकडे दरोगाने हजेरीला यायचं बंद केलं. कोणासाठीच येईना. फाटकाशी मी उभी, गुरुजी उभे, भाऊ उभे, हातात म्होरकी. तो लांबून पाहायचा आणि पाठ फिरवायचा. आम्ही सगळे झाडू!

मुक्ता जिंकल्यासारखी बोलेल असं मला वाटलं होतं. पण ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "त्याने सांगितलंय बहुतेक, आई. सोड आता."

मी बूट पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले.

दवाखान्यातून सोडल्यावर सरांनी डाव्या हाताने खुणा करून करून एवढंच सांगितलं की क्लबात न्या. एका रविवारी सकाळी भाऊंनी त्यांना गाडीतून आणलं. चाकाची खुर्ची ढकलायला मुक्ता आली. सरांना ऊन लागावं म्हणून तिने खुर्ची नेऊन ठेवली ती नेमकी सी पाशी. तिला काय माहीत, रिकामी जागा तेवढीच दिसली. गुरुजींनी शाल पांघरली.

मी पॅडॉककडे गेले. म्हटलं, निदान दरोगाला सरांना भेटवू. म्होरकीही नेली नव्हती. फाटक उघडून नुसती उभी राहिले. बराच वेळ तो सरांच्या दिशेने पाहत राहिला. मग आला. माझी ओढणी हुंगली, आणि मला ओलांडून सरळ बाहेर निघून गेला. मी हाक मारली नाही.

सरांकडे जायचा जवळचा रस्ता कुंपणाच्या कडेने होता. दरोगा तिकडे वळला नाही. तो पूर्ण वळसा घालून ए पाशी गेला, तिथून आत शिरला आणि मैदानाच्या मधोमध, मान वर, कान पुढे, सरळ चालत आला. पाठीवर कोणी नाही. तोंडात काही नाही. बरोबर मध्यावर आला आणि सरांकडे तोंड करून थांबला.

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. मुक्ताने खुर्चीची मूठ घट्ट धरली होती.

मी पाहिलं, तर मागचा डावा पाय मागेच.

"मा... मागचा डावा!"

मला वाटलं मुक्ता ओरडली. पण मुक्ता तोंडावर हात धरून सरांकडे पाहत होती.

दरोगाने एक कान हलवला, आणि मागचा डावा पाय उचलून पुढे घेतला.