बुड न घासलेला हंडा

पारशिवनीच्या पुढे माझं सासरचं गाव आहे. तिथली जुनी कौलारू शाळा आता गावाचं कलाघर झाली आहे. पडवीत दंडारीची तालीम चालते. दंडार म्हणजे आमच्याकडचा ढोलकीवरचा नाच, त्यात पुरुषच लुगडं नेसून बायकांची सोंगं घेतात. आतल्या खोलीत घराघरातून आलेल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध एक तांब्याचा हंडा पालथा घातलेला आहे. बाहेरगावचे लोक विचारतात, हा पालथा काहून ठेवला? त्याचं कारण मी. म्हणून मीच लिहून ठेवते, दुसऱ्यानं लिहिलं तर मीठमसाला लावेल.

बारा वर्षं झाली. तेव्हा मी जेमतेम साठीची होते, म्हणजे तशी तरुण आणि पुरती मूर्ख. बहुतेक सगळा संसार शहरात, इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांसमोर झालेला. त्यामुळे तराजूपाशी कोणाचा अंगठा कुठे आहे हे मला पाठमोरी बसूनही कळतं, असा माझा समज होता. दूधवाला, धोबी, माझी सख्खी विहीण, कोणीही माझ्या नजरेतून सुटत नसे. आमचे हे म्हणायचे, "तुले तं आपल्या लग्नातल्या भटजीवरबी संशय होता." होताच. त्यानं एक मंत्र गाळला होता.

तर गावाहून जाऊबाईंचा फोन आला. निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईंनी शाळेची रिकामी खोली मागून घेतली होती आणि त्या दर घरातून एक जुनी वस्तू गोळा करत होत्या. "आपल्या घरचा हंडा दे वं," जाऊबाई म्हणाल्या.

हा हंडा सासूबाईंचा. वर्षानुवर्षं आमच्या आंघोळीचं पाणी त्यात तापलं. गावचं घर सोडून इतवारीत आलो तेव्हा सासूबाईंनी तो स्वतःच्या मांडीवर घेऊन आणला होता. त्यांचा एक नियम होता: हंडा आतून, वरून, काठाला घासायचा, पण बुड घासायचं नाही. बुड घासलं की घराची बरकत जाते. मी नवी नवरी असताना हे ऐकलं आणि सासूबाई गेल्यावरही पाळलं. बुडावर बोटभर काजळी साचली होती. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण मी माझ्या सुनेलाही सगळ्या भांड्यांसाठी हाच नियम लावला.

हंडा दिला, पण असाच कसा देईन? सुनेचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि हंड्याच्या आत, काठाखाली, कोणाला दिसणार नाही असा एक ठिपका दिला. उद्या कोणी बदलला तर पकडता यावा म्हणून. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले, की दोन दिवस उगीच हसत होते.

काही महिन्यांनी गावी गेले. रविवारची दुपार होती, पडवीत तालीम रंगात आली होती. मी थेट आत गेले. हंडा असा लखलखत होता की त्यात माझं नाक दिसलं. आत बोट फिरवलं. ठिपका नाही! पुन्हा फिरवलं. नाहीच.

मास्तरीणबाई धावत आल्या. "काकू, हंडा हलवू नका. तिथंच राहू द्या."

झालं. हलवू नका म्हटल्यावर मी काय ऐकणार? दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. बुडावर ठोके देऊन कोरलेली अक्षरं होती: समस्त गावकरी.

"हा आमचा हंडा नाही!" मी अशी ओरडले की ढोलकी थांबली. "आमच्या हंड्यावर एक अक्षर नव्हतं. आमचा कुठं गेला, बाई?"

पडवीतली माणसं दारात जमली. एकाचं लुगडं अर्धंच नेसून झालेलं, निऱ्या हातात धरून तो तसाच उभा. मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. "काकू, आम्ही चिंच-मीठ लावून घासला. घासल्यावर असाच निघाला."

"असाच निघाला म्हणे! भांड्यांच्या बाजारात जन्म गेला माझा. मले शिकवता?"

त्यांनी हंडा माझ्या हातातून घेऊन परत सरळ ठेवला. तीही मला गुन्ह्याची कबुलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आपापल्या वस्तू न्यायला लागले. एकानं मोटेचं चाक नेलं, एकीनं आजीचं जातं बैलगाडीत घालून नेलं, ढोलकीवाल्यानं बापाची ढोलकी बगलेत मारली. सरपंच पायरीशीच उभे होते. खोली रिकामी झाली की तिथं खताची पोती ठेवायची, हे त्यांच्या मनात आधीपासून होतं. दोन वर्षं दारोदार फिरून मास्तरीणबाईंनी ती खोली भरली होती आणि मी एका दुपारीत ती उपसली. मी मात्र जाऊबाईंच्या ओट्यावर बसून, चोर पकडल्याच्या थाटात, चहात पाव बुडवत होते.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. "धाकटे, एक सांगू? तो हंडा आपलाच होय."

"अक्षरं दिसली नाहीत का तुम्हाले?"

"मले काय दाखवते? मी तुयाआधी दहा वर्षं या घरात होती. गावाची भांडी होती, लग्नाकार्यात ज्याले लागन तो नेई अन् परत देई. काठावरचं नाव कोणी कानशीनं घासून काढे, म्हणून पंचायतीनं बुडावर कोरलं. तुया लग्नात वऱ्हाडाच्या पाण्यासाठी आपल्या सासूबुढीनं हा आणला."

"मग परत?"

"परत देला असता तं बुड काहून घासू देलं नसतं?"

पाव चहात पडला. मी तो तसाच बुडू दिला.

"अन् मास्तरीणबाईले हे माहीत होतं?"

"घासला त्याच दिवशी समजलं. मले म्हणाली, जाऊ द्या आजी, सरळच ठेवू, कोणाले दिसणार नाही. तुया घराची अब्रू झाकून राहिली होती ते."

सगळ्या जगावर संशय घेतला मी, आणि जिच्यावर घ्यायला हवा होता तिच्या फोटोला रोज हार घातला. माझ्याच लग्नाचा चोरीचा माल, आणि त्याची राखण इतकी वर्षं मी केली.

उठले. चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि शाळेत गेले. सरपंच पोत्यांसाठी भिंत मोजत होते. मास्तरीणबाई एकट्याच रिकामी फळी पुसत होत्या.

"लोकांले बोलवा," मी म्हटलं.

"राहू द्या ना, काकू."

"राहू काय द्या? काल बोंबलले तेव्हा सगळे होते, आजबी सगळे पायजेत."

माणसं आली. मी हंडा उलटा करून मधोमध ठेवला आणि सासूबाईंच्या नियमासकट सगळं सांगितलं. चिंच-मिठानं घासताना निघून गेलेला नेलपॉलिशचा ठिपकाही सांगितला. कालचा लुगडंवाला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मास्तरीणबाईंचे हात धरून मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता सरळ ठेवू का?" म्हटलं, नाही, असाच राहू द्या.

संध्याकाळपर्यंत ढोलकी परत आली, मग जातं आलं. मोटेचं चाक यायला आठवडा लागला. सरपंचांनी पोती दुसरीकडे नेली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई कुलूप उघडायला गेल्या, तर दारात दोन पराती, एक घंगाळ आणि एक झारा ठेवलेला. सगळी नुकतीच चिंचेनं घासलेली. भांड्यांच्या बुडावर आणि झाऱ्याच्या पाठीवर तीच अक्षरं. कोणी ठेवली, हे गावात कोणी विचारलं नाही.

घंगाळ कोणाच्या घरचं, याचा मला पक्का संशय आहे. मास्तरीणबाईंनी तोंडावर बोट ठेवलंय, म्हणून गप्प बसते. सुनेला मात्र घरी येऊन सांगितलं, आजपासून भांड्यांची बुडं घासत जा. ती म्हणाली, "आई, मी तं पहिल्या दिवसापासून घासते."