पाखराला एकच जीव

"तू जा म्होरं. पाखरापाशी मी हाय."

हे म्हणताना काकू पदर कमरेला खोचायच्या, डावा गुडघा उभा करायच्या आणि रिमोट दोन्ही हातांनी असा धरायच्या की जणू तो सुटून पळून जाईल. मग मान पुढे काढून टीव्हीकडे बघायच्या. आमच्या घाटनांदूरच्या गल्लीत या बाईला सगळे दुकानवाल्या काकू म्हणत. तुमच्याही गल्लीत एखादी असेल, डाळीच्या पोत्यांशेजारी बसलेली, कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, येणाऱ्या-जाणाऱ्याला "शरणार्थ" म्हणणारी. पण तुमची काकू दुपारी दोन ते चार रणगाडा चालवत नसणार. आमची चालवायची.

व्हिडिओ गेम त्यांच्या मुलाचा, शिवूदादाचा. तो दहावीला असताना त्याच्या मामांनी लातूरहून आणला होता. बाहेर तेव्हा जग भराभर बदलत होतं. गावात केबल आली होती, काकूंच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. अण्णांनी, म्हणजे काकूंच्या मालकांनी, परीक्षा होईपर्यंत तो गेम पेटीत कुलूपबंद केला. सुट्टीत शिवूदादा दोन महिने पोटभर खेळला आणि जूनमध्ये अकरावीला लातूरला गेला. गेम मागे राहिला आणि काकूही.

मी समोरच्या घरातली, तेव्हा सातवीत. स्टँडजवळ एकाने गेमचं दुकान टाकलं होतं, पण तिथे पोरांचा कालवा. मुलीने तिथे पाय ठेवायची सोय नव्हती, आमच्या आईने तंगडंच मोडलं असतं. म्हणून एका दुपारी काकूंनी दारातून हाक मारली, "संगे, तुला त्यो शिवूचा खेळ येतो का गं?" तेव्हा मला येत नसतानाही मी म्हणाले, "येतो की."

दुकानामागच्या खोलीत लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही होता. काकू कॅसेटमध्ये फुंकर मारायच्या, ती कपाळाला लावायच्या आणि मगच खोचायच्या. देव पावला की चित्र यायचं. खेळ साधा होता. पडद्यावर विटांच्या भिंती, खाली मधोमध विटांच्या कोंडीत एक पाखरू. वरून शत्रूचे रणगाडे येणार. खाली आमचे दोन, पाखराच्या डाव्या बाजूला माझा, उजव्या बाजूला काकूंचा. शत्रूला मारायचं आणि पाखरू वाचवायचं. आम्हाला प्रत्येकी तीन जीव. पाखराला एक. त्याला गोळी लागली की तुमचे कितीही जीव शिल्लक असोत, खेळ खलास.

या खेळावर माझा जीव जडला. शाळेत फळ्यावर मला भिंती दिसायच्या, भाकरी मोडताना मी विटा पाडायचे. मी सारखी पुढे धावायचे. काकू मात्र पाखराला सोडून एक वीत हलायच्या नाहीत.

"काकू, तुम्ही पण या की वर. मजा तिकडं हाय."

"तुजी मजा तू कर. आमचे तीन-तीन जीव हायत, त्याला एकच हाय."

आणि सोमवारी तर कहर. सोमवारी त्या गोळीच मारायच्या नाहीत. उपास त्यांचा आणि हाल माझे. शत्रू आला की काकू आपला गाडा त्याच्या आणि पाखराच्या मधे आडवा लावायच्या आणि मरायच्या.

मी चिडायचे. "काकू, आत कुणी माणूस नसतो. चित्र हाय ते."

"तुला काय ठावं? गाडा काय आपोआप चालतो व्हय?"

बरं, सोमवारी आम्ही हरायचो म्हणावं तर तसंही नाही. बाकीच्या दिवसांइतकंच जिंकायचो, याचा मला जास्त राग यायचा.

एकदा माझे तिन्ही जीव गेले. मी फुरंगटून रिमोटची बटणं उगाच दाबत बसले, आणि काय झालं कोण जाणे, माझा गाडा पुन्हा उभा राहिला. काकूंच्या नावापुढचा आकडा एकाने कमी झाला. मी त्यांचा जीव घेतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माजा गेला व्हय? जाऊ दे. तुज्या कामाला आला."

तेव्हापासून माझे जीव संपले की त्या मान न वळवता म्हणायच्या, "घे की माजा एक." मी घ्यायचे. निर्लज्जासारखी घ्यायचे, खरं सांगते.

मधेच दुकानातून अण्णा डोकवायचे. "काय, लढाई चालू हाय का?" मग दाराशी उभे राहायचे आणि बाहेर गिऱ्हाईक साबुदाण्यासाठी ताटकळायचं. अण्णा खेळाला नावं ठेवायचे, पण पाखरावर गोळी येताना मी त्यांना डोळे मिटून घेताना पाहिलंय.

श्रावणात एकदा लाईट गेली. आम्ही शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "काकू, तुम्हाला एवढं कशापायी खेळायचं असतं?"

काकू हसल्या. म्हणाल्या, सुट्टीत शिवू खेळत होता तेव्हा मी म्हणलं, मला दाव की. त्यानं दिला रिमोट. मी बटन दाबलं, तर पहिल्याच गोळीला पाखरू मीच मारलं. आपलंच पाखरू. त्याचे मित्र लई हसले. शिवू म्हणला, आई, तुला न्हाई जमायचं. आन् घेतला काढून.

"तुम्हाला राग आला?"

"राग कशाचा? खरंच जमत नव्हतं." त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "आता जमतं का न्हाई? सांग बरं."

"जमतं की."

"दिवाळीला येतंय त्ये. तवा बसते त्याच्यासंगं. म्हणते, तू जा म्होरं."

एवढंच हवं होतं त्यांना. सगळ्या दुपारी त्यासाठी होत्या आणि मला ते तोवर कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मास्तरीणच झाले. काकूंना कोपऱ्यातून येणारी गोळी अडवायला शिकवलं, भिंत फुटली तर कुठे उभं राहायचं ते शिकवलं. दसऱ्यापर्यंत काकू अशा तयार झाल्या की स्टँडवरच्या पोरांनी पाया पडावं.

दिवाळीला शिवूदादा चार दिवसांसाठी आला. मिशी फुटली होती, आवाज जाड झाला होता, पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. पहिले दोन दिवस पाहुणेरावळे. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला बोलावलं. टीव्हीचं शटर उघडलेलं, वायर जोडलेली, कॅसेट आत, आणि सतरंजीवर दोन रिमोट शेजारी शेजारी मांडलेले. काकूंनी दिवाळीची नवी साडी बदललीच नव्हती.

शिवूदादा मित्रांकडून आला. गेम बघितला, हसला. त्यावरून हातही फिरवला.

"हे अजून ठेवलंय? मला वाटलं कुणाला देऊन टाकलं आसंल."

"बस की जरा," काकू म्हणाल्या.

"न्हाई गं आई. गेल्या गेल्या टेस्ट हाय. तिकडं पोरं दिवाळीतबी अभ्यास करायलीत. मला कुठला टाईम?"

मी तोंड उघडलं. "शिवूदादा, काकूंना आता—"

काकूंनी माझा गुडघा असा दाबला की मी गप्प झाले.

"संगी खेळती," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी लावलाय. तू कर अभ्यास."

तो आतल्या खोलीत गेला. तो काही वाईट नव्हता हो. त्या काळात लातूरला गेलेलं पोरगं असंच परत यायचं. पण मला त्याचा असा राग आला की त्याची पुस्तकं विहिरीत टाकावीत. आम्ही दोघी खेळायला बसलो. मी पुढे गेले. मागे वळून बघते तर काकूंचा गाडा जागच्या जागी, आणि काकूंचं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे. त्या दिवशी पाखरू पहिल्याच फेरीत मेलं.

तो गेल्यावर मी भांडले. "तुम्ही सांगितलं का नाही त्याला? एवढं शिकलात ते!"

"सांगून खेळवायचं आसतं व्हय, येडे? त्याला वाटंल तवा खेळंल. मी कुठं जाते?"

मग बारावी आली. मग इंजिनिअरिंग, मग पुण्याची नोकरी, लग्न, लेकरं. दर सुट्टीत त्याला काहीतरी असायचंच, आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "नंतर." रिमोटच्या वायरी तुटल्या, शटरचा टीव्ही गेला, मी बारावी झाले, डी.एड. केलं, लग्न करून अंबाजोगाईला शिक्षिका झाले. माहेरी गेले की काकू दुकानातूनच हाक मारायच्या, "शरणार्थ गं. गाडा चालवती का न्हाई?" मी म्हणायचे, वेळ कुठाय काकू. हे वाक्य मी त्यांना ऐकवत होते, त्यांना, आणि माझी जीभ अडखळलीही नाही.

गेल्या वर्षी मी माझ्या लेकीसाठी टीव्हीला लावायचा एक छोटा गेम घेतला. जुने शेकडो खेळ, दोन रिमोट. त्यात आमचा तो रणगाड्यांचा खेळ निघाला. पाखरू दिसलं आणि मी लेकीच्या हातात दुसरा रिमोट दिला. या खेळाला रंग आहेत हे मला चाळिशीत कळलं. माझा गाडा पिवळा होता आणि काकूंचा हिरवा. लेक पाच मिनिटांत कंटाळली. "आई, यात काहीच होत नाही," म्हणाली आणि उठून गेली. तिच्या हातचा हिरवा गाडा पाखराशेजारी उभा होता. मी ठरवलं, हे घेऊन काकूंकडे जायचं. पुढच्या सुट्टीत.

पुढच्या सुट्टीच्या आधी काकू लिंगैक्य झाल्या. त्यांच्याच शेतात, बसवून, समाधी दिली. मी पोचले तोवर माती सारखी केलेली होती.

काही दिवसांनी भेटायला गेले. शिवूदादा पेटी आवरत होता, चष्मा, केस विरळ झालेले. त्याने काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत तो गेम, कॅसेट, तुटक्या वायरींचे दोन रिमोट.

"हे तुजं हाय, संगे. आईनं तुझ्यासाठीच ठेवलंवतं."

तीस वर्षं तो हेच धरून होता. या वेळी माझा गुडघा दाबायला कुणी नव्हतं.

"माझं न्हाई दादा. तुझं हाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मित्रांचं हसणं, श्रावणातल्या शेंगा, सतरंजीवर मांडलेले दोन रिमोट, सगळं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "आईला खेळता यायचं?"

"तुझ्यापेक्षा चांगलं."

दुसऱ्या खेपेला मी लेकीचा गेम पर्समध्ये घालून नेला. अण्णा बाहेरच्या खोलीत बाजेवर पडून होते. आम्ही दुकानामागच्या खोलीत नव्या टीव्हीला तो जोडला आणि सतरंजी टाकून बसलो, पन्नाशीकडे झुकलेला एक साहेब आणि एक शाळामास्तरीण. पिवळा गाडा त्याला दिला, हिरवा मी घेतला. तो सुटला की पुढे, मी लहानपणी सुटायचे तसाच. मी हलले नाही.

"ये की वर. आन् गोळी का मारत न्हाईस?"

"सोमवार हाय आज."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सोमवारचंही सांगितलं. तो हसला, आणि हसता हसताच चष्मा काढून पुसायला लागला. तेवढ्यात त्याचा दुसरा जीव गेला, मग तिसरा. त्याने रिमोट खाली ठेवला.

"संपलं."

"संपलं न्हाई. माझा एक घे."

"घेता येतो?"

"बटण दाब. मी काकूंचे लई घेतलेत."

त्याने रिमोट उचलला, पण बटण दाबायला बराच वेळ लावला. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "काय, लढाई चालू हाय का?" मग त्याने दाबलं. माझा एक आकडा कमी झाला आणि खाली पाखराच्या डाव्या बाजूला त्याचा पिवळा गाडा उभा राहिला.

"जा म्होरं," मी म्हणाले. "पाखरापाशी मी हाय."

वरून शत्रू येत होते, विटा पडत होत्या. शिवूदादा पुढे गेला नाही. त्याने आपला गाडा पाखराच्या समोर आडवा लावला आणि तिथेच उभा राहिला.